हळूहळू सांगायची बातमी

ओमानमधल्या खाबुऱ्याच्या चौकाजवळ उस्मानभाईंचं किराणा मालाचं दुकान होतं आणि त्या दुकानाच्या डोक्यावर आम्ही राहत होतो. आम्ही म्हणजे मी, माझा नवरा राजीव आणि पुण्याहून सोबत आणलेला एक गैरसमज, की परदेशात गेलं म्हणजे शेजाऱ्यांची कटकट संपते. १९९४ साली राजीवला तिथल्या शेतीपंपांच्या कंपनीत नोकरी लागली. बाकीच्या मराठी बायका मस्कतला, मदिनत सुलतान काबूसमध्ये, एकमेकींच्या घरी भिशी करत होत्या आणि मी इकडे समुद्राकाठी, लिंबांच्या नि खजुरांच्या बागांत एकटी. पहिल्याच आठवड्यात नळाला खारट पाणी आलं म्हणून मी तरातरा खाली भांडायला गेले. उस्मानभाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग गोड्या पाण्याचे कॅन वर पाठवले, आणि त्यामागून त्यांच्या बायकोने, वजीराभाभींनी, ताटभर घावणे. भांडायला आलेल्या माणसाला असं गप्प करणं मला मुळीच आवडत नाही. घावणे मात्र आवडले.

दापोलीकडच्या एका खाडीकाठच्या गावातून हा माणूस तरुणपणी इकडे आला होता. दुकान नावाला अर्बाबचं, म्हणजे ओमानी मालकाचं. तो म्हातारा अधूनमधून यायचा, चहा प्यायचा, सगळं ठीक आहे ना विचारायचा आणि गाडीत बसून जायचा. बाकी कारभार उस्मानभाईंचा. बुटके, पोट सुटलेले, डोक्यावर विणलेली टोपी, आणि आवाज इतका हळू की कांद्याचा भाव विचारला तरी गुपित सांगतायत असं वाटावं.

रत्नागिरी-रायगडकडची बरीच माणसं त्या किनाऱ्यावर होती. कोणी ट्रेलर चालवायचा, कोणी अरबांचे झगे शिवायचा, कोणी मासळीच्या गाडीवर. कुणाचं काही अडलं की पावलं उस्मानभाईंकडे वळायची. कुणाचा पासपोर्ट मालकाने अडकवून ठेवला, कुणाच्या बायकोचं बाळंतपण अवघड झालं, कुणाला पोलिसांनी धरून नेलं. उस्मानभाई शटर अर्धं ओढायचे, "यल्ला, चला" म्हणायचे आणि निघायचे. आमच्या मस्कतच्या मराठी मंडळातल्या लोकांनी याच कामासाठी समिती नेमली असती आणि अध्यक्ष कोण यावरून अबोला धरला असता.

दुकानातला फोन हे आणखी एक कारण. गावाकडची बरीवाईट खबर त्या फोनवर यायची, आणि वाईट खबर माणसापर्यंत पोचवण्याचं काम आपोआप उस्मानभाईंकडे आलं होतं. त्यांची एक पद्धत होती. तशी ती आपल्याकडे सगळीकडेच थोडीफार आहे, पण त्यांचा त्यात हातखंडा होता. एखाद्याचा बाप गावी वारला, तर सकाळी सांगायचं, वडलांना जरा बरं नाही. संध्याकाळी सांगायचं, दवाखान्यात नेलंय. दुसऱ्या दिवशी, सीरियस आहे. तोवर माणूस मनाशी काय ते समजून चुकायचा, आणि उस्मानभाई नुसता खांद्यावर हात ठेवायचे.

"एकदम सांगितला की माणूस मोडतो, वैनी," ते मला म्हणाले. "घोट घोट पाजायचा."

"आणि त्याला मातीला जायचं असेल तर?"

"इथून कोण पोचतो मातीला?"

ते खरंच होतं. सुट्टी, विमान, गावचा रस्ता, तोवर तिकडे सगळं उरकलेलं असायचं. तरी मला ती पद्धत कधी पटली नाही. आमच्या घरी तार आली की वडील दारातच मोठ्याने वाचायचे. रडायचं ते सगळ्यांनी एकदमच.

१९९५च्या डिसेंबरात उस्मानभाईंच्या मुलीचं, अमरीनचं, लग्न निघालं. मुलगा मस्कतला नोकरीला, त्याच्या घरचेही तिथेच, म्हणून निकाह खाबुऱ्यातच करायचं ठरलं. अमरीनचं आधी एकदा ठरून मोडलं होतं. तेव्हापासून त्या घरात लग्न हा शब्द दबक्या आवाजात काढायचे. आता वजीराभाभी जिन्यातून ओरडून मला साखर मागत होत्या, तेव्हा काळजी मिटत आली असं मी समजले.

हळदीला गच्चीवर बायका जमल्या. सगळ्यांत पुढे होती जमिला. ती मागच्या गल्लीत राहायची. तिचा नवरा नबील सोहारहून सलालापर्यंत ट्रेलर चालवायचा, वाळवंटातून लांबच लांब रस्ता. त्याला गावाहून उस्मानभाईंनीच आणलं होतं. त्यांची मुलगी महेक तेव्हा असेल आठेक वर्षांची. जमिलाचा आवाज खणखणीत, आणि लग्नाची कोकणी गाणी तिला इतकी येत की एक संपायच्या आत दुसरं सुरू व्हायचं. नवऱ्यामुलाच्या आईच्या नाकावर तिने जागच्या जागी एक गाणं रचलं आणि त्या बाईंच्या तोंडावर म्हटलं. बाई आधी कावऱ्याबावऱ्या झाल्या, मग पदर तोंडाला लावून हसल्या. अमरीनच्या गालाला पहिली हळद जमिलाने लावली. भरल्या घरची, नवरा असलेली बाई पुढे हवी, आणि तिच्याइतकी हौस दुसऱ्या कुणाला नव्हती.

उन्हं कलताना उस्मानभाई वर आले आणि जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले. त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं, मुलीच्या बापाचं होतं तसं झालंय. मी म्हटलं, "या की, बापालाही हळद लावतात." ते "नंतर" म्हणाले आणि खाली गेले.

पुढचं मला अकरा वर्षांनी कळलं. पण ते मी इथेच सांगून टाकते, घोट घोट पाजायची सवय मला नाही.

दुपारच्या नमाजानंतर दुकानात फोन आला होता. नबीलच्या बरोबरीच्या ड्रायव्हरचा, सलालाहून. थुमरैतच्या अलीकडे ट्रेलर उलटला, नबील जागीच गेला. मयत सलालाच्या रुग्णालयात आहे. तो पुढे म्हणाला, "भाई, दफन थांबवू का? उद्या दुपारच्या विमानाने भाभी येऊ शकतील." उस्मानभाईंच्या डोक्यावर गच्चीत जमिला गात होती. त्यांना दिसलं, की आता वर जाऊन सांगितलं तर रडारड होणार, हळद तशीच राहणार, मुलाची आई हा अपशकुन मानणार, आणि अमरीनचं दुसऱ्यांदा मोडणार. ते फोनमध्ये म्हणाले, "थांबू नका. माती द्या. मी घरचाच हाय."

दुसऱ्या दिवशी निकाह झाला. पाहुणे गेल्यावर त्यांनी जमिलाला सांगितलं, गाडीला जरा अपघात झालाय. तिसऱ्या दिवशी वलीमा, त्या जेवणातून हात धुऊन उठल्यावर सांगितलं, सीरियस आहे. जमिलाने सलालाला जायचा हट्ट धरला, तेव्हा म्हणाले, डॉक्टर कुणाला आत सोडत नाहीत. चौथ्या दिवशी खांद्यावर हात ठेवायची वेळ आली, आणि माती तिकडेच झाली असं तिला सांगितलं. रजब महिन्याची वीस तारीख. जमिलाने ऐकलं तो दिवस तिने नवरा गेल्याचा दिवस म्हणून धरला, आणि उस्मानभाईंनी तो दुरुस्त केला नाही. ज्या दिवशी तो खरा गेला, त्या सतराव्या तारखेला ती हळदीत गात होती, हे तिला सांगायचं कसं?

नवऱ्याच्या नोकरीवर बायको-मुलीचा परवाना असतो. नोकरी करणारा गेला की तो परवानाही गेला, मग चंबूगबाळं आवरून गावी. गावी जमिलाला दिरांच्या घरात कोण विचारणार होतं? उस्मानभाई आपल्या अर्बाबच्या दारात जाऊन बसले. म्हाताऱ्याने नाही म्हटलं, तरी उठले नाहीत. शेवटी जमिलाला बायकांचे कपडे शिवणारी म्हणून परवाना मिळाला. दुकानाला लागून एक खोली मिळाली. शिलाई मशीन कुणी दिलं, पंखा कुणी दिला, मासळीच्या गाडीवरचा माणूस दर शुक्रवारी सुरमई नाहीतर बांगडे टाकून जायचा. मदिनत सुलतान काबूसच्या बायकांना मी जमिलाच्या हातची सांदणं खाऊ घातली, मग त्यांच्या ब्लाउजांचे ढीग खाबुऱ्याला यायला लागले. महेकचा अभ्यास मी घ्यायचे. ती इंडियन स्कूलमध्ये इंग्रजीत फाडफाड बोलायची आणि मराठीत अडखळायची, एकदा उस्मानभाईंना म्हणाली, "चाचा, तू किती चांगली माणूस आहे." आम्ही सगळे हसलो. उस्मानभाई दुकानाच्या मागे निघून गेले.

त्यांच्या देण्याला एक घाई होती. जमिलाच्या तोंडून गरज निघायच्या आत वस्तू दारात हजर. आणि तिने आभार मानले की यांचा चेहरा उतरायचा. जमिला सगळ्यांना सांगायची, सख्खा भाऊ असता तरी एवढा केला नसता. त्यांच्यासमोर सांगायला लागली की हे काहीतरी काम काढून पळायचे. मी समजत होते, माणूस विनयी आहे. विनयाचं मला कौतुक नाही, पण यांचा खोटा वाटायचा नाही.

दर वर्षी रजबच्या वीस तारखेला जमिला नवऱ्याच्या नावाने फातेहा द्यायची, कुराणातली दुवा म्हणून जेवण वाटायची. मलिदा, खीर, तांदळाच्या भाकऱ्या, मटण. पहिलं ताट उस्मानभाईंचं. ते एक घास घ्यायचे आणि तो तोंडात घोळवत राहायचे. पोटाचं दुखणं आहे असं म्हणायचे. मी दर वर्षी त्यांना ओवा द्यायचे, आणि तेही मुकाट्याने चावायचे बिचारे. अमरीनच्या लग्नाच्या वाढदिवसालाही त्यांचं पोट दुखायचं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. वजीराभाभी म्हणायच्या, "मुलगी गेली ना घरातनं, म्हणून." मुलगी मस्कतला होती, दर पंधरा दिवसांनी येत होती.

२००१ साली राजीवने नोकरी बदलली आणि आम्ही मस्कतजवळच्या अल खौदला आलो. खाबुऱ्याला जाणं-येणं चालूच राहिलं. २००६ साली महेकचं लग्न ठरलं. मुलगा सोहारच्या बंदरात कामाला, चांगला, आणि महेकपेक्षा मराठीत बरा. त्याला सुट्टी मिळणार ऑगस्टात, म्हणून लग्न ऑगस्टात. त्या उकाड्यात मी कुणाचंही लग्न लावणार नाही, पण मला कोण विचारतं?

जुलैमध्ये एका सकाळी उस्मानभाई अल खौदला आमच्या दारात उभे. हातात खजुराचा डबा. बसले, पाणी प्यायले, आणि त्या हळू आवाजात एकदम सगळं सांगून टाकलं. फोन आला तिथपासून. पहिल्यांदाच त्यांनी हप्ते पाडले नाहीत.

"आणि आता जमिलाने तारखा काढल्या," ते म्हणाले. "रजबच येतोय. बोलली, विसाव्याला तिच्या बापाचा फातेहा हाय, तर त्याच्या आदल्या दिवशी वलीमा, त्याच्या आदल्या दिवशी निकाह. म्हणजे पोरीच्या लग्नात बापपण आला. हळद सतराव्याला. मला विचारला, उस्मानभाई, बरा हाय ना?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"इन्शाल्ला म्हणालो."

मला असा संताप आला की त्यांनी दिलेला खजुराचा डबा मी टेबलावर आपटला. ती बाई विमानाने जाऊ शकत होती. नवऱ्याचं तोंड पाहू शकत होती. इथून गावी मातीला पोचता येत नाही म्हणून काढलेली ती पद्धत, ती यांनी मागच्या गल्लीतल्या बाईला लावली. मी म्हटलं, "तुम्ही तिला सावकाश नाही सांगितलं, उस्मानभाई. तुम्ही तुमचं लग्न उरकून घेतलंत."

"व्हय," ते म्हणाले.

असा कबूल होणारा माणूस समोर असला की पुढे भांडता येत नाही. ते खाली बघत होते. मग म्हणाले, "सांगू का तिला, वैनी? का नको?"

मी तोंड उघडलं. जिभेवर आलं होतं, आता एवढं थांबलात, महेकचं लग्न उरकू दे. शब्द ओठाशी आले आणि माझ्याच अंगावर काटा आला. त्या दिवशी त्यांनी नेमकं हेच केलं होतं, आणि इतक्याच सहज.

"आजच सांगा," मी म्हटलं. "चला, मी येते."

दुपारी आम्ही खाबुऱ्याला पोचलो. जमिला खोलीत मशीनवर बसली होती, महेकच्या ओढणीला किनार लावत होती. आम्हाला पाहून उठली, सरबत करायला निघाली. उस्मानभाई म्हणाले, "बस, जमिला." आणि उभ्यानेच सांगितलं.

मला वाटत होतं, ती किंचाळेल, नाहीतर काहीतरी फेकेल. मी असते तर मशीन फेकलं असतं. जमिलाने नुसती ओढणी मांडीवरून खाली ठेवली.

"फोन आला तेव्हा मी कुठे होते?"

"वरती. गच्चीत."

"काय करत होते?"

उस्मानभाई म्हणाले, "गात होतीस."

"विमान होता?"

"होता."

"थांबवतो बोलला तो?"

"बोलला. मीच नको म्हणालो."

तिने ओढणी उचलून मशीनवर ठेवली. मग तिने विचारलं, "त्याला गुसल कोणी दिला?"

मयताला शेवटची आंघोळ घालतात, ती. उस्मानभाईंनी मान हलवली. माहीत नव्हतं.

"त्याचा चेहरा कसा होता? लागला होता?"

तेही माहीत नव्हतं. अकरा वर्षं त्यांनी तिच्यासाठी काय काय केलं होतं. छप्पर, परवाना, मशीन, शाळा, मासळी. पण हे त्यांनी कुणालाच विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्या फोनकडे परत जावं लागलं असतं.

"मी रोज बघते त्याला," जमिला म्हणाली. "कधी चेहरा असतो, कधी नसतो. मला माहीत नाय, काय बघायचा ते." मग ती रडली. महेक आतून धावत आली आणि "अम्मी, व्हॉट हॅपन्ड?" म्हणत आमच्याकडे बघायला लागली. उस्मानभाई बाहेर ओट्यावर जाऊन बसले. त्यांना आत बोलवावं असं मला वाटलं नाही, आणि मी बोलावलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते सलालाच्या बसमध्ये बसले. गुडघे धरलेले, साखरेचा आजार, वजीराभाभी ओरडत होत्या. तिकडे फार दिवस राहिले. तो ड्रायव्हर कधीच गावी परतला होता. रुग्णालयातलं कोणी जुनं उरलं नव्हतं. मशिदीमशिदीत विचारत फिरले. शेवटी कोझिकोडकडचा एक म्हातारा सापडला, जो तेव्हा बेवारस आणि परदेशी मयतांना आंघोळ घालायचा. त्याला ट्रेलरवाला कोकणी आठवत होता, कारण रत्नागिरीकडचा माणूस त्याच्या हाताखालून तो एकच गेला होता.

उस्मानभाई परतले त्या दिवशी, रजबच्या सतराव्याला, मी खाबुऱ्यातच होते. हळदीची तारीख जमिलाने पुढे ढकलली होती आणि सतराव्याला फातेहा ठेवला होता. पहिलं ताट तिने मशिदीत पाठवलं. उस्मानभाईंसाठी ताट वाढलं नव्हतं, आणि ते मागायलाही आले नव्हते. ते खोलीच्या दारात उभे राहून म्हणाले, "जमिला, भेटला तो. त्याने गुसल दिला. बोलला, छातीला मार होता. चेहऱ्याला कायबी नव्हता. साफ होता. झोपल्यासारखा. दाढीपण त्याने नीट विंचरली."

जमिला दारापर्यंत आली. इतकी जवळ, की मला वाटलं, आता ती त्यांच्या पायाशी बसेल नाहीतर थोबाडीत मारेल. तिने त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं, डोळ्यांत डोळे घालून.

"उस्मानभाई, हा खरा हाय?" तिने विचारलं. "का मला बरा वाटावा म्हणून सांगता?"

"खरा हाय."

ती वाट बघत राहिली. ते आणखी काही बोलले नाहीत. मग तिने मान हलवली. विश्वास ठेवला म्हणून की नाही म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही. ती आत गेली आणि खिरीचं पातेलं उतरवायला लागली.

मी त्यांच्यामागून रस्त्यावर गेले. मला राहवेना. मला ठाऊक होतं ते खरं बोलतायत, खोटं बोलायला कोणी एवढे गुडघे झिजवत नाही. मी म्हटलं, "अहो, शपथ का नाही घेतलीत? कुराणावर हात ठेवला असता तर तिने मानलं असतं."

उस्मानभाई थांबले.

"वैनी," ते म्हणाले, "तेव्हा, त्या खोट्यावर, तिने शपथ मागितली असती, तर तीपण मी घेतली असती."